ठिणगी कोठे चुकते? : जुन्या मोटारीचे रोगनिदान

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. ‘हा विषय आयटीआयचा, आपला नव्हे,’ असे एखादा मित्र म्हणेलही. परंतु गेल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला मिलच्या पद्धती शिकत असताना मला सारखे वाटत होते की, हे आपण कोठेतरी पाहिले आहे. ते मी पाहिले होते माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये. मामा सातवीपर्यंत शिकलेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे मिल हे नाव त्याने कधी ऐकलेले असण्याचा प्रश्नच नाही. तरीही बंद पडलेल्या गाडीपुढे उभा राहून तो जे करतो, ते त्या पुस्तकातील पद्धतींपेक्षा फारसे वेगळे नाही. जुनी पेट्रोल गाडी ‘मिसिंग’ का मारते, तिच्या विजेच्या तारांत दोष कोठे लपतो आणि तो कसा शोधावा, हे या लेखात सांगावयाचे आहे. हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. चुकीच्या निदानाचा खर्च नेहमी गाडीमालकाच्या खिशातून जातो आणि आपल्या भागात तो खिसा फार खोल नसतो.

गाडीची थोडी ओळख

उदाहरणासाठी मी प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेतो, कारण आपल्याकडे जुनी मोटार म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हीच येते. अजूनही वयस्कर मंडळी तिला ‘फियाट’च म्हणतात. ते चूकही नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. वालचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. त्यांचा जन्म तेथेच १८८२ साली झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत देशी उद्योग उभारण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघाली आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९७० च्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी, एक कार्बोरेटर. एवढाच तिचा संसार. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली.

शहरातून गेलेली गाडी तालुक्याच्या गावात मात्र आणखी काही वर्षे तग धरून राहते. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या अंगणात, एखाद्या जुन्या डॉक्टरांच्या वाड्यात ती अजून दिसते. तिला कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही, संगणक लावून दोष वाचण्याची सोय नाही. तिचे दुखणे समजून घ्यायला कान, डोळे, एक बल्ब आणि विचार एवढीच साधने आहेत.

ठिणगीचा प्रवास

दोष कळण्यासाठी आधी निरोगी अवस्था ठाऊक हवी. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी जोरदार ठिणगी. यांतील एक जरी चुकली तरी त्या सिलिंडरचा ठोका चुकतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात.

यांपैकी ठिणगीची कथा मोठी रंजक आहे. १२ व्होल्टची बॅटरी आपल्या बोटाला साधा झटकाही देऊ शकत नाही. मग प्लगच्या टोकाशी हवा फोडून जाणारी ठिणगी येते कोठून? मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्र बदलले की शेजारच्या तारेत वीज निर्माण होते. त्याच तत्त्वावर ‘कॉइल’ काम करते. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड तारेच्या थोड्या फेऱ्यांचे, दुसरे अतिबारीक तारेच्या हजारो फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो तोवर चुंबकीय क्षेत्र साठते. तो प्रवाह एकदम तोडला की क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात दहा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उत्पन्न होतो.

प्रवाह तोडण्याचे काम ‘पॉइंट’ करतात. डिस्ट्रिब्युटरच्या डब्यात धातूचे दोन छोटे ठिपके एकमेकांना भिडलेले असतात. इंजिन फिरते तसा आतला कॅम त्यांना उघडतो आणि पुन्हा मिटू देतो. पॉइंटच्या बाजूला ‘कंडेन्सर’ नावाची बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी असते. पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी उडून वीज वाया जाऊ नये आणि प्रवाह झटकन तुटावा, हे तिचे काम. कॉइलने तयार केलेला उच्च दाब मधल्या जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो. तेथे फिरणारा ‘रोटर’ पोस्टमनप्रमाणे एकेका सिलिंडरच्या दारी ती वीज पोचवतो. पद्मिनीत हा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची ही व्यवस्था अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास मोटारीसाठी बसवली. पुढे कितीतरी दशके जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. तिचा वेग पाहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांना मिळून मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर. या शंभरांतल्या चार-दोन चुकल्या तरी गाडी अडखळते आणि चालवणाऱ्याच्या पाठीला ते लगेच कळते.

आधी विचारावे, मग उघडावे

मामाचे एक ठाम वाक्य आहे : “आधी इचारावं, मग उघडावं.” गाडी आली की तो लगेच पाना हातात घेत नाही. मिसिंग थंड असताना मारते की तापल्यावर? जागेवर उभी असताना की चढावर? पाऊस पडल्यावर की उन्हात? एकाच तालात की मध्येच केव्हातरी? अगदी अलीकडे कोणी काही काम केले होते का? पुष्कळदा शेवटच्या प्रश्नातच उत्तर असते, कारण दोन प्लगच्या वायरी उलटसुलट बसल्या असतील तर बाकी सर्व तपासण्या व्यर्थ ठरतात.

यानंतर तो सायलेन्सरशी उभा राहून ऐकतो. ठराविक तालात, दर काही ठोक्यांनंतर ‘फुस्स’ असा आवाज येत असेल तर दोष बहुधा एका सिलिंडरपुरता असतो. तालच नसेल, केव्हाही ठोका चुकत असेल, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या भागात असतो. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, मधली वायर किंवा पेट्रोलचा पुरवठा यांकडे मग पाहावयाचे. केवळ ऐकून अर्धे क्षेत्र बाद झाले, आणि अजून एकही बोल्ट उघडलेला नाही.

एका सिलिंडरचा दोष : व्यतिरेक पद्धती

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धती अशी : दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे असून एकाच गोष्टीत फरक असेल, आणि परिणामातही फरक पडत असेल, तर ती गोष्ट त्या परिणामाचे कारण किंवा कारणाचा भाग असते. आता गॅरेजमध्ये काय होते ते पाहू.

इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढतात व तिचे टोक लगेच इंजिनाच्या धातूला टेकवतात. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन एकदम खाली बसते. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करीत नव्हता. आजारी कोण ते कळले. आजार कोणता ते अजून कळावयाचे आहे.

आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरात आणि शेजारचा येथे बसवावा. बाकी काहीही बदलू नये. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेली तर प्लग दोषी. जागच्या जागी राहिली तर प्लग निर्दोष. मग त्याच रीतीने वायर बदलून पाहावी. तीही निर्दोष ठरली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी उजेडात धरून पाहावी. तिच्यात केसासारखी तडा किंवा शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर वीज आपली वाट सोडून त्या रेघेवरून पळते आहे असे समजावे.

येथे एकच नियम आहे आणि तो फार मोलाचा आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, वायर आणि टोपी तिन्ही एकदम नवीन टाकली तर गाडी कदाचित सुधारेल, पण काय बिघडले होते ते कधीच कळणार नाही. मालकाने तीन वस्तूंचे पैसे दिले, त्यांतल्या दोन विनाकारण.

काढलेला प्लगही बोलतो. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरड्या काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त येते किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलकट काळे असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत येते. पांढरेफटक असेल तर मिश्रणात हवा जास्त किंवा इंजिन फार तापते. वैद्य जीभ पाहतो त्यातलाच हा प्रकार.

प्लग, वायर, टोपी सर्व चांगले असूनही सिलिंडर मेलेलाच राहिला, तर उरतो तो दाब. इथे मिलची अवशेष पद्धती उपयोगी पडते : ज्यांची कारणे ठाऊक आहेत ती वजा करा, उरलेल्याचे कारण उरलेल्यात शोधा. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. दाब मोजून तो कमी आढळला तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे पाहावे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाब दाखवीत असतील तर हेड गॅस्केट दोघांमध्ये जळाले असण्याचा संभव मोठा.

ऊन, पाऊस आणि चढ

सामाईक दोषांत सर्वांत फसवा दोष म्हणजे तापल्यावर होणारा. आपल्याकडील मे महिन्याचे ऊन सर्वांना माहीत आहे. गाडी सकाळी उत्तम सुरू होते, अर्ध्या तासाने मिसिंग मारू लागते, मग बंद पडते. झाडाखाली पाऊण तास उभी केली की पुन्हा जणू काही झालेच नाही. याची दोन प्रमुख कारणे असतात. कॉइल तापल्यावर तिच्या आतील बारीक वेटोळ्याचे आवरण दगा देते, किंवा पेट्रोलच्या पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. पुष्कळ चालक पंपावर ओले फडके टाकतात, ते या दुसऱ्या कारणासाठी.

दोन्हींचे लक्षण एकच असल्यामुळे फडके टाकून थांबले की निदान होत नाही, कारण त्या वेळात कॉइलही थंड होते. निदानाची वेळ एकच : गाडी बंद पडल्याचा तो क्षण. कॉइलमधून येणारी मधली वायर टोपीतून काढून इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरावी व सेल्फ मारण्यास सांगावे. निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी उडाली तर कॉइल निर्दोष, पेट्रोलकडे वळावे. ठिणगी नसेल किंवा पिवळसर मरतुकडी असेल तर दोष विजेचा. मात्र ही परीक्षा कार्बोरेटरपासून दूर, इन्सुलेट केलेल्या पक्कडीने आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करूनच करावी. धीर धरून ही दोन मिनिटांची परीक्षा केली तर मालकाचे कॉइलचे किंवा पंपाचे पैसे वाचतात.

पावसाळ्यातील मिसिंग वेगळी. दमट हवेत वायरींवर व टोपीवर ओल बसते आणि उच्च दाबाची वीज त्या ओलीवरून निसटते. रात्री बॉनेट उघडून अंधारात पाहिले तर जुन्या वायरींच्या अंगावर निळसर किडे वळवळल्यासारखे दिसतात. कोरड्या फडक्याने टोपी आतून-बाहेरून पुसली तर गाडी तात्पुरती चालते. कायमचा उपाय मात्र वायरी बदलणे हाच.

तिसरी गोष्ट चढाची. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी येरमाळ्याकडच्या चढावर भार येताच अडखळते. कारण असे की, ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरात अधिक मिश्रण येते, दाब वाढतो, आणि दाट मिश्रणातून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्ट लागतात. प्लगचे अंतर झिजून वाढले असेल किंवा कॉइल दुबळी असेल तर ती येथे उघडी पडते. पद्मिनीसारख्या गाडीत हे अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर आणि पॉइंटचे साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवतात, तेही फीलर गेजने मोजून, अंदाजाने नव्हे. परंतु चढावर पेट्रोल कमी पडले तरी गाडी दम तोडते. मग फरक कसा ओळखावा? ठिणगीचा दोष झटक्याझटक्याने येतो, पेट्रोलचा दोष हळूहळू, थकलेल्या बैलासारखा. शिवाय चढावर चोक अर्धा ओढून पाहावा. गाडीने उचल घेतली तर मिश्रणात पेट्रोल कमी होते हे सिद्ध झाले. फिल्टर, पंप किंवा जेट तपासावे.

ऊन वाढले की दोष वाढतो, ओल गेली की दोष जातो, भार बदलला की दोष बदलतो. मिल याला सहचारी परिवर्तनाची पद्धती म्हणतो. आपला चालक याला ‘गाडीचा स्वभाव’ म्हणतो.

गुरुजींची पद्मिनी

आता पाहिलेले एक उदाहरण सांगतो. एका निवृत्त गुरुजींची पद्मिनी मामाकडे आली, तेव्हा तिच्यावर इतरत्र बराच खर्च होऊन गेला होता. प्लग नवे, पॉइंट नवे, कॉइल नवी, कार्बोरेटर दोनदा उघडलेला. तरीही गाडी मधूनच झटके द्यायची आणि एखाद्या वेळी बंद पडायची. लगेच पुन्हा सुरूही व्हायची. गुरुजी म्हणाले, “मिस्त्री, पेन्शन सगळी हिच्यातच चालली. आता विकून टाकावी म्हणतो.”

मामाने विचारले, “गुरुजी, झटका कुठं बसतो? सरळ रस्त्याला का खड्ड्यात?” गुरुजींनी थोडे आठवून सांगितले की, डांबरी रस्त्यावर नाही, गावाजवळच्या खराब रस्त्यावर. मामा म्हणाला, “मग पेट्रोल नाही. तार हाय.”

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. इंजिन बंद ठेवून, पॉइंट मिटलेल्या स्थितीत त्याने चावी चालू केली. टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉइलच्या पॉइंटकडील खिळ्याला व दुसरे बॉडीला लावले. पॉइंट मिटलेले असताना तेथील वीज पॉइंटमधून सरळ जमिनीला, म्हणजे गाडीच्या धातूला जाते, म्हणून दिवा पेटता कामा नये. तसा तो पेटला नाही. मग त्याने काडेपेटीतील काडीने डिस्ट्रिब्युटरच्या आतली वीतभरही नसलेली तार हलवली. दिवा लुकलुकला. काडी सोडली, दिवा विझला. तारेचे आवरण बाहेरून धडधाकट होते, आतले तांबे तुटलेले. खड्डा आला की टोके दूर होत आणि ठिणगी थांबे. पॉइंट बदलले गेले होते, पण ती तार कोणी पाहिलीच नव्हती.

काही रुपयांची तार बदलली आणि गाडी नीट झाली. ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजली. आधी काम करणारी माणसे लबाड होती असे मला म्हणावयाचे नाही. त्यांनी बदलले ते भाग मिसिंगची नेहमीचीच कारणे होत. परंतु ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ यांच्यामधले अंतर त्यांनी परीक्षेने न भरता गुरुजींच्या पेन्शनने भरले.

विजेचे दोष : जाण्याची वाट आणि येण्याची वाट

मोटारीच्या विजेचे दोष पाहून पुष्कळ लोक घाबरतात, कारण तारांचे जंजाळ दिसते. वस्तुतः प्रत्येक दिव्याची गोष्ट एकच असते. बॅटरीच्या धन टोकातून वीज निघते, फ्यूज व स्विचमधून दिव्यापर्यंत जाते आणि गाडीच्या धातूच्या अंगातून ऋण टोकाला परत येते. या परतीच्या वाटेला ‘अर्थिंग’ म्हणतात. जाण्याची वाट सर्वजण तपासतात, येण्याची वाट विसरतात. जुन्या गाडीत मात्र गंज नेमका येण्याच्या वाटेवर चढतो.

याची खूण ओळखता येते. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, हेडलाइट लावला की दुसराच दिवा मिणमिणतो, असा भुताटकीसारखा प्रकार दिसला तर समजावे की विजेला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या दिव्यातून घरी चालली आहे. गंज खरवडून, पॉलिश पेपरने धातू स्वच्छ करून वायर आवळली की भूत उतरते. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असल्याने त्याला बॉडीशी जोडणारी एक जाड पट्टी असते. ती तुटली तर सेल्फचा मोठा प्रवाह मिळेल त्या वाटेने, प्रसंगी चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून जाऊ लागतो आणि ती तार तापून धूर येतो. बॅटरी मात्र बिचारी निर्दोष असूनही बदलली जाते.

म्हणून मीटर असेल तर आधी आकडे पाहावेत. विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना चार्जिंग नीट असेल तर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ होतो. तो वाढतच नसेल तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि कटआउट यांकडे पाहावे. सेल्फ मारताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे इंजिनाला लावावे. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर परतीची वाट खराब आहे. मिसिंगचाही याच्याशी संबंध आहे. बॅटरीपाशी १२ व्होल्ट असून झिजलेल्या चावीच्या स्विचमुळे कॉइलपाशी ९ च पोचत असतील, तर नवी कॉइल टाकूनही ठिणगी दुबळीच राहणार.

दुसरा दोष शॉर्टचा. फ्यूज पुनःपुन्हा उडतो. अशा वेळी काहीजण सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. फ्यूज हा राखणदार आहे. त्याला बाजूला केले की जळण्याची पाळी तारांवर आणि मग गाडीवर येते. योग्य रीत अशी : उडालेल्या फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटेल, पण तार जळणार नाही. आता त्या फ्यूजवरील एकेक जोडणी सोडवत जावे. जी सोडवताच बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो, त्या फांदीत शॉर्ट आहे.

तिसरा दोष रात्रीत बॅटरी उतरण्याचा. सर्व स्विच बंद करून बॅटरीची ऋण वायर काढावी आणि वायर व खांब यांच्यामध्ये छोटा बल्ब किंवा ॲमीटर लावावा. बल्ब पेटला तर कोठेतरी वीज गळते आहे. एकेक फ्यूज काढावा. ज्याने बल्ब विझेल तेथे चोर.

स्पोर्ट्‌स मोटार आणि आजची मोटार

कोणी विचारील, हे सर्व साध्या गाडीचे झाले, वेगवान स्पोर्ट्‌स मोटारीचे काय? जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे तत्त्व तेच असते, फक्त तिला चूक कमी सहन होते. तिचे इंजिन अधिक फेरे घेते, दाब अधिक असतो, म्हणून ठिणगीला वेळ कमी आणि काम जास्त. काहींना दोन कार्बोरेटर असतात. ते दोन्ही सारखे ओढत नसतील तर ठिणगी निर्दोष असूनही गाडी मिसिंगसारखी अडखळते. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची छोटी, दोन दारांची स्पोर्ट्‌स मोटार तयार केली. तिला फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे इंजिन होते आणि अंग फायबरग्लासचे. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून अशा अंगावर बसलेल्या दिव्यांना परतीसाठी वेगळी तार द्यावी लागते, आणि त्या तारांची एकत्र बांधलेली गाठ सैल झाली की अनेक दिवे एकदम वेड्यासारखे वागतात. अशा गाडीत अर्थिंग आधी पाहणे किती आवश्यक आहे, हे सांगावयास नको.

आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाहीत. दोष झाला की स्कॅनर लावतात आणि पडद्यावर संकेत येतो. वर सांगितलेली वायर काढण्याची परीक्षा त्या गाड्यांवर करू नये, त्यांच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांस इजा होते. परंतु स्कॅनरदेखील ‘तिसऱ्या सिलिंडरात मिसिंग’ एवढेच सांगतो. का, ते सांगत नाही. ते शोधण्यासाठी कॉइल शेजारी बदलून पाहणे, दोष सरकतो का ते पाहणे, हा जुनाच मार्ग पत्करावा लागतो.

समारोप

पद्मिनी आज ना उद्या आपल्या रस्त्यांवरूनही जाईल. तिच्याबरोबर काडीने तार हलवून दोष पकडणारी माणसेही हळूहळू कमी होतील. ही माणसे आपले ज्ञान लिहून ठेवीत नाहीत. ते त्यांच्या कानात आणि बोटांत असते. आपण कॉलेजात शिकणारी मुले हे ज्ञान अडाण्याचे समजतो आणि पुस्तकातले तेवढे शास्त्र मानतो. मला दोन्ही ठिकाणी एकच शिस्त दिसली : लक्षण नीट ऐका, शंका एकेक करून तपासा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पुरावा हाती येईपर्यंत कोणालाही दोषी ठरवू नका.

ही शिस्त गॅरेजपुरती आहे असे मला वाटत नाही. पीक का गेले, मूल परीक्षेत का नापास झाले, गावात भांडण का लागले, असे प्रश्न आले की आपण पटकन एखाद्याकडे बोट दाखवतो आणि भाग बदलून मोकळे होतो. त्याची किंमत मात्र दुसराच कोणीतरी भरत असतो. तर्कशास्त्राचे पुस्तक उघडताना आपल्यापैकी काहींना तरी याची आठवण राहिली, तर कला शाखेच्या वार्षिकात मोटारीवर लेख लिहिला याचे मला समाधान वाटेल.